धरणबाभळीचं कूळ

रुहीनानं संगणकाचा पडदा शुभदाकडे वळवला आणि काही न बोलता ती खुर्ची मागे सारून उभी राहिली. एरवी जिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो ती मुलगी आज गप्प का, ही शुभदाच्या मनात आलेली पहिली शंका.

पडद्यावर राज्याचा नकाशा होता आणि त्यावर दोनशे चौदा ठिपके. एकेक ठिपका म्हणजे वनस्पती-संशोधन संस्थेच्या हर्बेरियममधली, वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली, एकेक शीट. जाड कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी, चार पानं, नशीब असेल तर फुलोरा, आणि उजव्या कोपऱ्यात लेबल: कुठे मिळाली, कोणत्या तारखेला, कोणी घेतली. डॉ. शुभदा कारखानीस या हर्बेरियमची प्रमुख होती. वय अठ्ठावन्न, त्यातली बत्तीस वर्षं या लोखंडी कपाटांच्या रांगांमध्ये आणि गवताच्या माळांवर गेलेली.

दोनशे चौदाही शीटा एकाच झाडाच्या होत्या. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं आणि ते लोकांनी कधी उच्चारलंच नाही. नीरेच्या खोऱ्यातल्या एका धरणाच्या उतारावर माती धरून ठेवायला म्हणून ते परदेशातून आणून लावलं होतं. पानं बाभळीसारखी, म्हणून धरणबाभूळ. मातीबरोबर त्यानं जमीनही धरली. जिथे ते उभं राहिलं तिथे खाली गवताची काडी उगवेना. बी तिळाहून बारीक आणि अंगभर आकडे. वाऱ्यानं फार लांब जात नसे, पण कशाला चिकटलं की सहजी सुटत नसे. तरीही तीस वर्षांत ते पाच जिल्ह्यांच्या माळांवर पसरलं होतं.

कोणी पसरवलं, याचं उत्तर शुभदानंच सात वर्षांपूर्वी, २०३४ साली, दिलं होतं: मेंढ्यांनी. दरवर्षी दिवाळीनंतर माण, फलटणकडचे धनगर शेकडो मेंढ्या घेऊन घाट उतरून कोकणात जात आणि पावसाळ्यापूर्वी परतत. लोकरीत आकडेवालं बी अडकणार, हे उघड होतं. तिनं मेंढ्या विंचरून बिया काढून दाखवल्या होत्या. त्या अहवालावर चराईबंदी आली. घाटांच्या तोंडाशी नाके बसले, वाटा बंद झाल्या. आता पुढच्या महिन्यात चराई आयोगाची शेवटची सुनावणी होती. बंदी कायमची करायची, पाचही जिल्ह्यांना लागू करायची. आयोगानं फक्त एक मागितलं होतं: नव्या यंत्रावरचा पुरावा.

ते यंत्र म्हणजे वंशवाचक. डॉ. रुहीना तांबोळी, वय एकोणतीस, मूळची बार्शीची, याच यंत्रासाठी संस्थेत आली होती.

वाळक्या पानातही झाडाचा डीएनए शिल्लक असतो, पण फुटलेल्या बांगडीसारखा, तुकड्या-तुकड्यांनी. जुन्या यंत्रांना ते तुकडे जुळवायला बराच माल लागायचा, आणि हर्बेरियमची शीट काही कातरून टाकण्याची वस्तू नव्हे. वंशवाचकाला पानाचा धुळीएवढा कण पुरत असे. पुढचं तत्त्व सोपं होतं. पोथीची नक्कल करताना जसे दहा-वीस अक्षरांचे दोष राहून जातात, तसे आईकडून लेकीकडे जाताना डीएनएत थोडे नवे दोष पडतात. नातीत आजीचे आणि आईचे दोष उतरतात, वर तिचे स्वतःचे पडतात. दोष ताडून पाहिले की कोणतं झाड कोणाची लेक, हे सांगता येतं. आणि शीटेच्या लेबलावर जागा आणि तारीख असतेच. म्हणजे झाड कुठून निघालं आणि कुठे कुठे गेलं, त्याचा माग.

"दाखव," शुभदा म्हणाली.

रुहीनानं कळ दाबली. धरणावरच्या ठिपक्यापासून लाल रेघ निघाली. ती घाटाकडे जाईल, धनगरांच्या वाटेवरून खाली उतरेल, अशा खात्रीनं शुभदा पाहत होती. रेघ उत्तरेला गेली, जुन्नरच्या वरच्या पठारावर. तिथून ती एकदम सोलापूरच्या माळावर उतरली. तिथून परत अकोले तालुक्याच्या डोंगरात. तिथून खटावला.

"हे काय आहे?"

"झाडाची वाट, मॅडम."

"अशी वाकडी वाट कोणत्या मेंढ्या जातात?"

"कोणत्याच नाही," रुहीना म्हणाली. "म्हणून तर मी गप्प बसलेय."

शुभदाला आधी यंत्राचा संशय आला आणि मग रुहीनाचा. रुहीनाच्या टेबलाजवळ टांगलेली कापडी पिशवी शुभदानं आत्तापर्यंत शंभर वेळा पाहिली असेल. आज तिच्यावरची अक्षरं वाचली. 'मेंढपाळ हक्क परिषद, म्हसवड.'

"तू गेली होतीस या परिषदेला?"

"मागच्या वर्षी. का?"

"कोणी बोलावलं होतं?"

रुहीनाचा चेहरा बदलला. तिला प्रश्नाचा रोख कळला होता. "मॅडम, मी आकडे फिरवले असं वाटतंय ना तुम्हाला? मग तुम्हीच शीटा निवडा. पानं तुम्हीच कापा. नंबर बदला, एकाच झाडाचे चार कण चार नावांनी द्या. मला काही सांगू नका."

शुभदानं खरंच तसं केलं. दोन दिवस दार आतून लावून तिनं चाळीस पुड्या बांधल्या. त्यात एका झाडाचे सहा कण होते, तीन साध्या बाभळीचे होते, एक तर संस्थेच्या आवारातल्या चिंचेचा होता. यंत्रानं सहाही एकत्र काढले, बाभळी वेगळ्या केल्या, चिंचेसमोर प्रश्नचिन्ह टाकलं. आणि उरलेल्यांची वाट काढली ती तीच: धरण, जुन्नर, सोलापूर, अकोले, खटाव.

"सॉरी," शुभदा म्हणाली.

"असू दे," रुहीना म्हणाली, पण त्या दिवसापासून ती पिशवी टेबलापाशी दिसली नाही.

*

मेंढ्या नसतील तर माणूस. शुभदानं त्या वाटेवरच्या सगळ्या शीटा टेबलावर ओळीनं मांडल्या आणि भिंग घेऊन लेबलं वाचू लागली. जुन्नर, २०१२: संग्राहक श्री. गो. मुळगुंद. सोलापूर, २०१७: मुळगुंद. अकोले: मुळगुंद. खटाव: मुळगुंद. जिथे जिथे धरणबाभूळ पहिल्यांदा सापडली, तिथे तिथे ती डॉ. श्रीपाद मुळगुंदांनाच सापडली होती.

मुळगुंद तिचे वरिष्ठ. तिला माळावर उभं राहून गवत ओळखायला त्यांनीच शिकवलं. आणि याच 'पहिल्या नोंदीं'वर त्यांचे एकामागून एक सहा शोधनिबंध निघाले होते. मानसन्मान, परिषदांची अध्यक्षपदं त्यातूनच आली. आता तिला एकेक गोष्ट आठवू लागली. माळांच्या पाहणीला तळावर असताना ते पहाटे एकटेच फिरायला जात, खांद्याला झोळी असे. झोळीत काय असतं, असं कोणी विचारलं नव्हतं. एखादा माणूस स्वतःच बी टाकून येईल आणि तीन-चार वर्षांनी स्वतःच जाऊन शोध लावेल, हा विचार करायलाही घाण वाटत होतं. तरी ती तो करत राहिली. रात्रीच्या जेवणातही तिचं लक्ष लागेना. नवऱ्यानं दोनदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "एखाद्या माणसाला तीस वर्षं ओळखतो म्हणजे नक्की काय ओळखतो रे?"

रविवारी ती सांगलीला गेली. मुळगुंद आता एकाहत्तर वर्षांचे होते, एकटेच राहत होते. दुपारचं ऊन पडवीत आलं होतं. त्यांनी सरबत केलं, तिच्या मुलीची चौकशी केली. शुभदानं ग्लासला हात न लावता नकाशाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"सर, या प्रत्येक जागी पहिली शीट तुमची आहे."

"हो."

"मला एवढंच विचारायचंय की..."

"मी बी टाकलं का, असं?" त्यांनी चष्मा काढला. "एवढ्या लांब आलीस, तर नीट विचार की."

"टाकलंत का?"

"नाही." ते चिडले नाहीत, याचाच तिला राग आला. "झाड पुरुषभर उंच झालं की कोणालाही दिसतं, शुभदा. मला दिसलं, मी फांदी घेतली. पण तू झाडाच्या शीटाच बघत बसलीस. झाड दिसण्याच्या तीन-चार वर्षं आधी त्या माळावर कोण गेलं होतं, ते बघ. गवताच्या शीटा काढ."

"गवताच्या शीटा माझ्या आहेत."

मुळगुंदांनी नकाशा तिच्याकडे परत सरकवला. रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत नव्हतं. शंका होती. तारखा जुळत होत्या. यंत्र नव्हतं तेव्हा, सिद्ध काय करणार?"

"आणि मी धनगरांवर अहवाल लिहिला तेव्हा?"

"तेव्हा मी निवृत्त झालो होतो."

"फोन करता आला असता."

"आला असता," ते म्हणाले. "तळ माझाही होता ना. तंबूत मीही होतो." मग जरा थांबून, जमिनीकडे पाहत, "धनगरांना काय, दुसऱ्या वाटा असतील, असं वाटलं."

शुभदा उठली. सरबत तसंच राहिलं.

*

गवताच्या शीटा हर्बेरियमच्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. तीन हजारांच्या वर. २००९ पासून तेरा वर्षं शुभदानं माळांवरच्या गवताची पाहणी केली होती. ठरलेले माळ, माळावर आखलेले ठरलेले चौकोन, दर हिवाळ्यात त्याच क्रमानं मुक्काम. तिच्या वह्यांत तो क्रम लिहिलेला होता: धरणाकडचा माळ, जुन्नर, सोलापूर, अकोले, खटाव. वही उघडण्याची गरज नव्हती. तिला तो पाठ होता. नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हाच तो ओळखीचा वाटायला हवा होता, आणि वाटला नव्हता. आता तिला स्वतःचाच संशय येऊ लागला: वाटला नव्हता, की वाटू दिला नव्हता?

पण बी जाणार कसं? बूट ते झटकत असत. गाडी धूत असत. ती एकेक शीट भिंगाखाली घेऊ लागली. पवन्या, मारवेल, शेडा. प्रत्येक लेबलावर तिच्याच हातचं बारीक अक्षर. बऱ्याच लेबलांवर खाली एक ओळ: 'स्थानिक नाव सांगणार: बायडा कोकरे.'

बायडा तिच्याच वयाची धनगरीण. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या मेंढ्यांचा वाडा शुभदाच्या तळाशेजारीच पडला होता. शुभदाला चुलीवरचा चहा आणि गवताची नावं तिनं दिली. पवन्या कोणता आणि शेडा कोणता हे बायडा धनगरांच्या वाटेवर बरोबर चालता चालता सांगे. शुभदाला त्यासाठी भिंग लागे. मेंढ्या विंचरून बिया शोधायच्या होत्या तेव्हा मेंढीचे पाय धरून बसली होती ती बायडाच. "बघा ताई, काय सापडतंय का," असं हसून म्हणाली होती. अकरा बिया सापडल्या. अहवालात त्या अकरा बियांचा फोटो होता. त्यानंतर शुभदा तिच्याकडे गेली नव्हती. जायला तोंड नव्हतं, असं ती स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे वेळ नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी तिला ते सापडलं. सोलापूरच्या माळावरची मारवेलची शीट, नोव्हेंबर २०१३. काडीच्या पेराशी, पानाच्या खोबणीत, मातीच्या कणासारखं काहीतरी होतं. भिंगाखाली त्याला आकडे दिसले. धरणबाभळीचं बी. त्या माळावर पहिली धरणबाभूळ सापडायला अजून चार वर्षं होती. आणि बियाभोवती काळ्या लोकरीचा एक तंतू गुंडाळलेला होता.

लोकर पाहिली आणि तिला सगळं दिसलं. गवत वाळवायचं ते लाकडी चौकटींच्या प्रेसमध्ये, कागदांच्या थरांत दाबून. हिवाळ्यातल्या दवानं टीपकागद ओलेच राहत, बुरशी येई. लोकर पाणी चांगलं पिते. म्हणून शुभदानं बायडाकडून एक जुनं घोंगडं घेतलं, त्याचे चौकोनी तुकडे कापले आणि कागदांच्या मध्ये घातले. युक्ती तिचीच, मुळगुंदांनी कौतुक केलं होतं. रोज सकाळी ते तुकडे काढायचे, खडकावर आपटून झटकायचे आणि उन्हात टाकायचे. धरणाकडच्या माळावर उन्हात पडलेल्या तुकड्यांना बी चिकटलं, ते जुन्नरच्या खडकावर झटकलं गेलं. जुन्नरला त्याचं झाड झालं. त्याचं बी सोलापूरच्या खडकावर. तेरा वर्षं, दर हिवाळ्यात, तिनं स्वतःच्या हातांनी ते आपटून आपटून पेरलं होतं. एकदा तिनं पेरलं की पुढे मेंढ्या, गुरं, पावसाचं पाणी, सगळ्यांनीच ते आसपास नेलं असेल. पण नव्या माळावर पहिलं बी तिचं होतं.

मजल्यावर दुसरं कोणी नव्हतं. बी एवढंसं होतं की नुसती फुंकर मारली असती तरी गेलं असतं. शीट परत कपाटात गेली असती आणि पुढची पन्नास वर्षं कोणी ती काढली नसती. यंत्रानं काढलेली वाट तेवढी उरली असती, आणि 'आणखी अभ्यासाची गरज आहे' या वाक्याखाली असल्या कितीतरी वाटा आजवर पुरल्या गेल्या होत्या. मग तिनं तोंडाला रुमाल बांधला, चिमट्यानं बी उचलून काचेच्या नळीत टाकलं आणि जिना उतरून रुहीनाकडे गेली.

"हे कुणाची लेक आहे, ते सांग."

चाळीस मिनिटांनी यंत्रानं सांगितलं. जुन्नरच्या पठारावरच्या झाडाची.

रुहीनानं नळीवरचं लेबल वाचलं, मग शीटेवरचं. संग्राहक: शु. कारखानीस. तिनं शीट जपून खाली ठेवली आणि विचारलं, "मॅडम, अहवालात काय लिहायचं?"

"लेबलावर आहे ते."

*

सुनावणीच्या आधी मुळगुंदांचं दोन ओळींचं पत्र आलं. 'तंबूत मीही होतो. माझंही नाव घाल.' शुभदानं घातलं.

आयोगाचे सचिव तिचं म्हणणं ऐकत होते ते हाताची घडी घालून. तिनं नकाशा दाखवला, शीट दाखवली, तेरा वर्षांच्या वह्या टेबलावर ठेवल्या. बोलून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, सात वर्षांपूर्वी याच खोलीत तुम्ही याच्या उलट सांगितलंत."

"हो."

"आणि आता एकदम हे. तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का? मेंढपाळांच्या संघटनेनं वगैरे?"

"नाही."

"मग तुमचा यात फायदा काय?"

"काहीच नाही."

"तेच तर," सचिव म्हणाले. "तेच पटत नाही."

त्यांनी वह्या ठेवून घेतल्या. दुसऱ्या दोन संस्थांकडून बियाची पुन्हा तपासणी करून घेतली. तीन आठवडे शुभदाला कोणी काही सांगितलं नाही. संस्थेत माणसं तिच्याशी नको इतकी जपून बोलू लागली; चहाच्या टेबलावर ती आली की विषय बदलत. एका सहकाऱ्यानं तर विचारलंच, "तुम्हाला ते बी नक्की शीटेवरच सापडलं ना?" तिला राग आला नाही. तिनं रुहीनाला विचारलं होतं त्यापेक्षा हा प्रश्न सौम्य होता.

दिवाळीच्या तोंडावर निकाल आला. बंदी उठली, नाके हटले. धनगरांच्या वाटा मोकळ्या झाल्या. संस्थेच्या मुक्कामी पाहण्या मात्र थांबवण्यात आल्या. वह्या परत मिळाल्या.

*

बायडाची वाडी माणच्या उघड्या माळाखाली होती. शुभदा दुपारी पोचली तेव्हा बायडा अंगणात मेंढ्यांपुढे उसाचं वाडं टाकत होती. पूर्वी तिच्या कळपात पावणेदोनशे मेंढ्या असत. आता तिशी-पस्तीसच्या वर दिसत नव्हत्या.

बायडानं तिला पाहिलं. हातातला भारा खाली ठेवला नाही.

"काय पायजे?"

"बोलायचं होतं."

"मेंढी धरून देणार न्हाई."

"त्यासाठी नाही आले." शुभदा उन्हात उभी राहूनच बोलली. झाड कसं पसरलं, घोंगड्याचे तुकडे, खडक, बी. जुन्या अहवालात काय चुकलं. तिनं काही सावरून घेतलं नाही. बायडा ऐकत होती की नाही, हे कळत नव्हतं. ती वाडं टाकतच होती. घराच्या दारात तिची सून अस्मिता येऊन उभी राहिली होती.

"म्हंजी झाड तुमी आनलं," बायडा शेवटी म्हणाली.

"हो."

"अन् लिवलं आमच्या नावावर."

"हो."

"माझ्याच मेंढीची लोकर काढून."

शुभदानं मान हलवली.

"आज का सांगायला आलायसा? बंदी उठली, ते टीव्हीवर सांगितलंय. त्याच्यासाठी येवडी वाट तुडवत कोन येतंय?" बायडाच्या आवाजात राग नव्हता, नुसती पारख होती. "अजून काय कागदावर अंगठा पायजे काय?"

"नाही. तोंडावर सांगायचं होतं, एवढंच."

"सांगितलं."

एवढ्यावर परत फिरावं लागेल, असं शुभदाला वाटलं. तेवढ्यात सून पुढे आली. "आत्या, यांना पान्याचं इचारा की."

"गप."

"इचारा. नायतर मी इचारते." अस्मितानं शुभदाकडे वळून सांगितलं, की तिला औंदा मेंढ्या घेऊन निघायचंय. नवरा टेम्पो चालवतो, तो काही येणार नाही. पण दोन चुलतदीर आहेत बरोबर. तिनं ती वाट कधी पाहिलेली नाही. लग्न होऊन आली त्याच वर्षी बंदी आली. सासऱ्यांना सगळी पाणवठ्यांची ठिकाणं माहीत होती, ते तीन वर्षांपूर्वी गेले. आत्याला आठवतं, पण मधले माळ धरणबाभळीनं भरलेत, जुन्या खुणा राहिलेल्या नाहीत, असं पुढे जाऊन आलेला दीर सांगतो.

"तुमी तवा समदं वहीत लिवायच्या," अस्मिता म्हणाली. "आत्याच सांगत्यात. झरा कुठं, हीर कुठं, किती पावलं."

शुभदा गाडीकडे गेली. आयोगाकडून परत आलेला वह्यांचा गठ्ठा मागच्या सीटवर तसाच पडला होता. धनगरांच्या वाटेवरचे मुक्काम होते त्या तीन वह्या काढून ती परत आली. बायडानं भारा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि ओट्यावर बसली. शुभदाला बस म्हणाली नाही. अस्मितानं पोतं अंथरलं, त्यावर शुभदा बसली. अस्मिता मोबाइल उघडून लिहायला तयार झाली.

शुभदा वाचू लागली. पहिला मुक्काम, विहीर, वडाच्या उत्तरेला. बायडानं डोळे मिटले होते. "बराबर," ती म्हणाली. दुसरा, ओढ्यातला डोह. "बराबर." तिसरा. चौथा. प्रत्येक ओळीला बायडा थांबे, मनात चालत जाऊन यावं तसं, आणि मगच हो म्हणे. एकदा ती म्हणाली, "पुन्यांदा वाचा." शुभदानं पुन्हा वाचलं. तेव्हा कुठे तिनं मान डोलावली.

सहाव्या मुक्कामाला शुभदानं वाचलं, "खिंडीच्या अलीकडे झरा. बारमाही पाणी."

बायडानं डोळे उघडले. "बारमाही कुनी सांगितलं?"

"मी पाहिलं होतं. पाणी होतं."

"कंच्या महिन्यात?"

शुभदानं तारीख पाहिली. "नोव्हेंबर. कार्तिक."

"कार्तिकात समद्याच झऱ्यांना पानी असतंय. त्यो माघात आटतोय. येताना ही पोरगी त्या झऱ्याच्या भरवशावर खिंडीत गेली, तर मेंढरं तडफडून मरतील." ती पुढे झुकली आणि वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळ बरोबर तीच होती. शुभदाचं बोट तिनं पाहिलं होतं. "खोडा ते."

शुभदानं पर्समधून पेन काढलं. बत्तीस वर्षांत तिनं पाहणीच्या वहीतली ओळ कधी खोडली नव्हती. तसं करायचं नसतं, असं ती विद्यार्थ्यांना शिकवत आली होती. तिनं 'बारमाही'वर आडवी रेघ मारली, वर लिहिलं, 'माघात आटतो', आणि पुढे, 'सांगणार: बायडा कोकरे'.

"काय लिवलं?" बायडानं सुनेला विचारलं.

अस्मितानं वाकून वाचून दाखवलं.

बायडा क्षणभर शुभदाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पुन्हा डोळे मिटले.

"हं. फुडचा मुक्काम वाचा," ती म्हणाली. "सावकाश."